पक्षी पांढरा होता की तांबूस, आणि खांदा नक्की कुणाचा

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई पन्नाशीच्या जवळ आल्यात. मार्चच्या शेवटी एका दुपारी परसदारी कपडे वाळत घालताना त्यांना स्वर्गीय नर्तक हा पक्षी दिसला, पांढराशुभ्र, काळ्या डोक्याचा, मागे दोन लांब फिती लोंबणारा. आणि एकदम लहानपण आठवलं. त्या पाच-सहा वर्षांच्या, जुन्या घरी बाबांच्या खांद्यावर, बाबांचा मफलर गालाला टोचतोय आणि बाबा हळूच म्हणतायत "हलू नकोस, बघ." एरवी बाबा म्हणजे भयंकर तापट माणूस, सगळं घर त्यांना घाबरून. ते जाऊन बरीच वर्षं झाली. ही आठवण त्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकली तर सात वर्षांनी मोठ्या असलेल्या दादाने लिहिलं, "तो पक्षी तांबूस होता, मे महिन्याची सुट्टी होती आणि दाखवला काकांनी. बाबा तेव्हा कामासाठी बाहेरगावी होते. उगाच बाबांना हिरो करू नकोस." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आता आईला विचारून निकाल लावावा असं ताईंच्या मनात आहे, पण आई ऐंशीच्या पुढची. शिवाय त्या रोज दुपारी मोबाईलवर त्या पक्ष्याचा आवाज लावून बसतात, तो परत यावा आणि फोटो मिळावा म्हणून. मागच्या झाडाची छाटणी ठरली होती ती त्यांनी अडवून धरलीय, नवरा म्हणतो एका पक्ष्यासाठी किती ते. त्यांचा प्रश्न असा: माझी आठवण खोटी आहे का, आणि असेल तर माझ्याकडे बाबांचं उरतं काय?

ताई,

आधी एक करा. तुमचं पत्र आणि दादाचा मेसेज शेजारी शेजारी ठेवून वाचा, भाऊ-बहीण वगैरे विसरून, दोन अनोळखी माणसांनी लिहिलंय असं समजून. मी तसं वाचलं आणि पहिली शंका आली ती ही की तुम्ही दोघं एकाच दिवसाबद्दल बोलताय हे ठरवलं कुणी? तुमच्या आठवणीत मफलर आहे, दादाच्या आठवणीत मे महिन्याची सुट्टी. मे महिन्यात मफलर कोण गुंडाळतं? तुमचा पक्षी पांढरा, त्याचा तांबूस. तुमच्याकडे बाबा, त्याच्याकडे काका. म्हणजे ऋतू वेगळा, रंग वेगळा, माणूस वेगळा, आणि जुळतंय काय तर लांब शेपटी आणि जुनं घर. एवढ्यावर तुम्ही दोघंही धरून बसलात की एकाचं खरं असेल तर दुसऱ्याचं खोटंच असणार.

रंगाचं तर सोपं आहे, आणि मला वाटतं हे तुम्हाला ठाऊक असतं तर ग्रुपवरचं भांडण निम्म्यावर आलं असतं. स्वर्गीय नर्तकाची मादी तांबूस असते आणि तिची शेपटी आखूड. नर लहानपणी साधारण मादीसारखाच दिसतो, मग त्याला लांब शेपटी फुटते पण अंगावर रंग तांबूसच असतो, आणि वय वाढल्यावर तो पांढरा होतो. तांबूस नरसुद्धा जोडी जमवतात, घरटं करतात. म्हणजे लांब शेपटीचा तांबूस पक्षी आणि लांब शेपटीचा पांढरा पक्षी हे दोन्ही नरच, वयाने मागेपुढे. श्रीलंकेतल्या पोटजातीचा नर तर पांढरा होतच नाही, आयुष्यभर तांबूसच राहतो. त्यामुळे "तो तांबूस होता" म्हणणारा दादा चुकीचं काहीच बोलत नाहीये आणि पांढरा बघणाऱ्या तुम्हीही नाही.

ऋतूचंही तसंच. हे पक्षी साधारण मे ते जुलैमधे वीण करतात आणि थंडीत त्यातले पुष्कळसे उत्तरेकडून खाली उतरतात, झाडी आणि सावली असलेल्या बागांमधे काही दिवस मुक्काम करतात, निघून जातात. मग थंडीत एक पांढरा नर बाबांनी तुम्हाला दाखवला आणि त्याच किंवा दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात एक तांबूस तरुण नर काकांनी दादाला दाखवला, यात न पटण्यासारखं काय आहे? मला तर हे दोघांच्याही म्हणण्यापेक्षा जास्त शक्य वाटतं. ज्या घरात एका मोठ्या माणसाला पक्षी दिसतो त्या घरात तो दुसऱ्यालाही दिसतोच की.

आता तुम्ही खूश होऊन हा परिच्छेद लगेच ग्रुपवर टाकायच्या आधी थांबा, कारण दुसरी बाजूही आहे आणि ती मी लपवणार नाही. मफलरने काही सिद्ध होत नाही. मफलर दुसऱ्याच कुठल्यातरी दिवशीचा असू शकतो आणि या चित्रात येऊन बसलेला असू शकतो. आठवणी असं करतात, सगळ्यांच्याच. उल्रिक नाईसर नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ होते, स्मृतीवर बरंच काम केलं त्यांनी, त्यांची स्वतःची एक आठवण होती: 7 डिसेंबर 1941, पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याची बातमी आली तेव्हा ते, म्हणजे दुसऱ्याच दिवशी 13 वर्षांचा होणारा पोरगा, रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत होते, मॅच मधेच थांबवून बातमी दिली आणि ते आईला सांगायला वरच्या मजल्यावर धावले. वर्षानुवर्षं ही आठवण लख्ख होती. मग एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं की अरे, डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत! हा किस्सा त्यांनी 1982 मधे स्वतःच लिहिला, आठवण किती पक्की वाटते आणि तरी किती फसवते याचं उदाहरण म्हणून. पण गोष्ट इथे संपत नाही. 1986 मधे दोन संशोधकांनी जुने कार्यक्रम तपासले, त्या दिवशी रेडिओवर मॅच खरंच होती, फक्त ती फुटबॉलची होती, न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्सची, आणि याच नावांचे बेसबॉलचे संघही तेव्हा होते. म्हणजे रेडिओ खरा, मॅच खरी, बातमी खरी, एक तपशील घसरलेला.

तर "माझी आठवण खोटी आहे का" हा प्रश्नच मला जरा चुकीचा वाटतो. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, की काढला आणि पाहिला, ती दर वेळी नव्याने रचली जाते, हे फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञांनी 1932 मधेच दाखवून दिलं होतं. तुम्हाला जमलं तर एक करून बघा: डोळे मिटून ते दृश्य आणा आणि बघा, तुम्हाला पक्षी दिसतोय का खांद्यावर बसलेली छोटी मुलगी दिसतेय? मुलगी दिसत असेल तर ते चित्र तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, मनाने नंतर कधीतरी बाहेरून काढलेलं आहे. घाबरू नका, त्याने प्रसंग खोटा ठरत नाही, खऱ्या प्रसंगांचीही अशी बाहेरून काढलेली चित्रं असतात. फक्त कळतं की यावर बरेच हात फिरलेत.

आणि काकांचं म्हणाल तर ते उलटंही असू शकतं बरं का. कदाचित काकांनी दाखवलं आणि तुम्हाला बाबा आठवतायत. किंवा बाबांनी दाखवलं आणि दादाला काका आठवतायत! मोठ्या भावाची आठवण जास्त बरोबर हे आपण उगाच धरून चालतो. तो 12-13 वर्षांचा होता, हे त्याच्या बाजूने आहे खरं, पण त्याला बाबांचा राग आहे आणि राग सुद्धा आठवणीतली माणसं बदलतो. जुळ्या भावंडांवर 2001 मधे एक अभ्यास झाला, शीन, केम्प आणि रुबिन यांचा, त्यात असं दिसलं की एकच प्रसंग दोघांनाही "हे माझ्याच बाबतीत घडलं" असं शपथेवर सांगावंसं वाटतं. जुळ्यांमधे हे जास्त, पण साध्या भावंडांमधेही आणि मित्रांमधेही होतं. कुणी खोटं बोलत नसतं.

पण ताई, खरं सांगू का, मला नाही वाटत की तुमची झोप पक्ष्याच्या रंगाने उडालीय. ती उडालीय "उगाच बाबांना हिरो करू नकोस" या वाक्याने. ते वाक्य पक्ष्याबद्दल नाहीच. तुम्ही एक गोड आठवण टाकलीत आणि दादाला त्यात काहीतरी वेगळंच ऐकू आलं, की बाबा तसे वाईट नव्हते, आपण उगाच एवढी वर्षं मनात ठेवून बसलो. तुम्ही तसं म्हणाला नव्हतात. पण जो मुलगा तेव्हा 12-13 वर्षांचा होता, ज्याने त्या माणसाचा तापट स्वभाव तुमच्या आधी सात वर्षं सोसला, कदाचित तुमच्या वाटचाही थोडा सोसला, त्याला हे असं ऐकू येणं मला कळू शकतं. तुम्हाला खांदा मिळाला. त्याला मिळाला होता का? मला माहीत नाही, तुम्हाला तरी नक्की माहीत आहे का? पत्रात दादाचे बाबा कसे होते यावर एक ओळ नाहीये.

आणि तुमचाही एक हिशोब मला खटकला, जरा कठोर वाटेल पण बोलते. तुम्ही लिहिताय की ही आठवण गेली तर बाबांचं काही उरत नाही. म्हणजे एका दुपारच्या पक्ष्यावर तुम्ही बाबांचा सगळा खटला उभा केलाय, आणि साक्षीदार पाच वर्षांचा! खांदा बाबांचाच होता हे उद्या कुणी लेखी दिलं तरी त्यांच्या बाकीच्या वागण्यातलं काहीही पुसलं जाणार नाही. आणि खांदा काकांचा निघाला तरी बाबा त्याने आणखी वाईट होणार नाहीत. तापट माणूस एखाद्या दुपारी पोरीला खांद्यावर घेऊन पक्षी दाखवू शकतो, दुसऱ्या दिवशी त्याच पोरीवर ओरडू शकतो, अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. तुम्हाला त्यांची एकच चांगली गोष्ट आठवते, यावर मला जास्त विचार करावासा वाटेल. एकच असते का खरंच, का बाकीच्या आठवणींना कधी कुणी हात लावला नाही म्हणून त्या वर आल्या नाहीत? वही घ्या आणि लिहीत जा, चांगलं वाईट निवडत बसू नका, त्यांचा आवाज, चालणं, कपडे, त्यांच्या हातात नेहमी काय असायचं, जे येईल ते. अशा लिहिण्यातून छोट्या छोट्या गोष्टी वर येतात. काही गोड असतील, काही नसतील, दोन्हीची तयारी ठेवा.

क्षणभर वाटलं की बाबांनीच तो पाठवला, असंही तुम्ही लिहिलंय. वाटू दे की. तोच पक्षी नक्कीच नव्हे, एवढासा बुलबुलाएवढा जीव चाळीस वर्षं जगत नाही, पण तुम्हाला हे माहीत आहेच आणि वाटणं वेगळं असतं. त्यावर मी वाद घालणार नाही, नवऱ्यानेही घालू नये.

आता आई. विचारा, जरूर विचारा, ऐंशीच्या पुढे आहेत म्हणजे नंतर विचारू म्हणून ठेवण्यासारखं हे नाही, पण निकाल लावायला नको. आणि कसं विचारता याला फार महत्त्व आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचा 1974 चा प्रसिद्ध प्रयोग आहे, लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि नंतर काहींना विचारलं गाड्या एकमेकींना "लागल्या" तेव्हा वेग किती होता, काहींना विचारलं "आदळून चक्काचूर झाल्या" तेव्हा किती होता. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला, एवढंच नाही तर आठवड्याने त्यांच्यातल्या जास्त लोकांना फुटलेल्या काचा आठवल्या ज्या फिल्ममधे नव्हत्याच. फक्त एका क्रियापदाने! तेव्हा "आई, बाबांनी मला तो पांढरा पक्षी दाखवला होता ना गं?" असं विचारलंत तर आई हो म्हणेल, लेकीच्या तोंडाकडे बघून कुठलीही आई हो म्हणेल, आणि त्या होकाराचा तुम्हाला काही उपयोग नाही. दादाने त्याच्या पद्धतीने विचारलं तर त्यालाही हो म्हणेल, मग दोघांकडे एकेक होकार आणि मधे बिचारी आई. त्यापेक्षा मोकळं विचारा. "आपल्या जुन्या घरामागे कुठले कुठले पक्षी यायचे गं?" आणि गप्प बसा. मधे बोलू नका, नावं सुचवू नका, ती भलतीकडे गेली तर जाऊ दे. आणि तिला विचारायच्या आधी तुमची आठवण जशी आहे तशी तारीख घालून लिहून ठेवा, नाहीतर आईचं ऐकल्यावर तुमच्याच आठवणीत आईचे तपशील कधी मिसळले ते कळणार नाही. घरातल्या जुन्या गोष्टी गोळा करणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन, आधी आपलं लिहा, मग दुसऱ्याला विचारा. जुने फोटो असतील तर ते सगळ्यात शेवटी काढा.

दादाला फोन करा. ग्रुपवर नाही, तिथे चार जण बघत असतात आणि माणूस हरायला तयार होत नाही. त्याला पटवायला फोन करू नका, पिसांच्या रंगाचं ज्ञान पहिल्या पाच मिनिटांत तरी पाजळू नका. "दादा, तुला आठवतो तो पक्षी मला नीट सांग ना, काकांबरोबर तू कुठे उभा होतास?" एवढंच. तो सांगेल. मग कधीतरी, त्याच फोनमधे किंवा पुढच्या, विचारा की बाबा तुझ्याशी कसे होते. हे जास्त अवघड आहे आणि उत्तर ऐकवणार नाही कदाचित. तो टाळेल, तर टाळू द्या. रंगाची गंमत त्यानंतर सांगा, तेव्हा ती गंमत वाटेल, आत्ता सांगितली तर "बघ मीच बरोबर" असं वाटेल.

आणि आता ते मोबाईलवर आवाज लावणं. बंद करा, आजपासून. हे मी तुम्हाला जितक्या प्रेमाने सांगतेय तितकंच स्पष्ट सांगतेय. नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज ऐकला की खाणंपिणं, घरटं, पिल्लं सगळं सोडून त्या आवाजाच्या मागे लागतो, दिसत तर कुणी नाही, मग पुन्हा पुन्हा येतो, दमतो. विणीचा काळ तोंडावर आहे, त्यात रोज दुपारी हे म्हणजे त्याला छळणं झालं. (आवाज म्हणजे काय तर खरखरीत एक ओरड, एवढ्या देखण्या पक्ष्याला हा असा आवाज कसा, असं ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं.) फोटो कशाला हवाय तेही स्वतःला विचारा. आत्ताच्या पक्ष्याचा फोटो चाळीस वर्षांपूर्वीच्या पक्ष्याबद्दल काहीच सांगत नाही, दादासमोर तो पुरावा म्हणून टिकणार नाही.

त्याने यावं असं वाटतंच तर त्याला हवं ते द्या. धान्य ठेवू नका, तो धान्य खात नाही, उडते किडे पकडून खातो, फांदीवर बसायचं, झेप घ्यायची, परत यायचं. म्हणून परसात किडे मारायचा फवारा मारू नका, कोपऱ्यातला पालापाचोळा अगदी झाडून लख्ख करू नका. पाणी ठेवा मात्र. उथळ पसरट भांडं, दोन बोटं पाणी, सावलीत, वर एखादी आडवी फांदी असेल अशा जागी, कारण हे फांदीवरून पाण्यात सूर मारून आंघोळ करतात आणि परत फांदीवर जाऊन बसतात. पाणी रोज बदला, भांडं घासा, डास होतात. मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाला लागून ठेवू नका. आणि तो नाही आला तरी पाणी वाया जात नाही, बुलबुल येतील, दयाळ येईल, नाचण येईल. मार्चअखेरीस दिसलेला नर्तक बहुतेक वाटसरू असतो, दोन-चार दिवस थांबून गेला तर तुमचं काही चुकलं असं नाही. तुम्हाला दिसला ती तारीख ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर टाका, त्यात तुमच्या भागात हा पक्षी कुठल्या महिन्यात किती दिसतो तेही बघता येतं, मफलर विरुद्ध मे महिना या वादात तुम्हाला त्याची मजा येईल.

नवऱ्याचं म्हणणं, एका पक्ष्यासाठी किती ते. त्यांना हे पत्र दाखवा असं मी म्हणणार नाही, पण पक्षी दिसल्यापासून तुम्हाला बाबांचं काय काय आठवतंय हे त्यांना एकदा सांगा, कारण तुमच्या पत्रावरून मला वाटतं त्यांना फक्त मोबाईल घेऊन परसात बसलेली बायको दिसतेय. रडू येतंय असंही तुम्ही लिहिलंय, तेवढ्यासाठी काही डॉक्टर गाठायची गरज नाही. मात्र बाबांच्या रागाच्या जुन्या आठवणी रात्री झोपू देत नसतील, दिवसा कामात अचानक येऊन धडधडायला लागत असेल तर समुपदेशकाकडे जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि ते काम सल्ला सदराचं नाही.

राहिली छाटणी. त्यात तुमचं बरोबर आहे, फक्त कारण तुम्ही सांगताय ते नको. तो नर्तक परत येईल म्हणून झाड अडवून धरलंत तर तो न आल्यावर वाद तुम्ही हरलात. खरं कारण असं की उन्हाळा ते पावसाळा हा कितीतरी पक्ष्यांचा विणीचा काळ आहे, नर्तकाचं घरटं म्हणजे फांदीच्या टोकाला कोळ्याच्या जाळ्याने विणलेली छोटी वाटी, नर-मादी दोघंही आळीपाळीने उबवायला बसतात, आणि नर बसला की त्याची शेपटी वाटीबाहेर लोंबत असते. इतरांची घरटी तर पानांत दिसतही नाहीत. पावसाळा पूर्ण संपू दे, मग छाटा. एखादी फांदी छपरावर किंवा तारांवर टेकली असेल तर खालून नीट बघा, थोडा वेळ बसून कुणी चोचीत काही घेऊन ये-जा करतंय का ते बघा, आणि नसेल तर तेवढीच फांदी काढा, बाकी झाड राहू दे.